ग्रामीण मतदार आणि शेतकरी मतदार: दोघांना एकाच माळेत ओवू नका

लोकसभेचा निकाल लागला की पुण्यातल्या चहाच्या टपरीपासून चॅनेलच्या स्टुडिओपर्यंत एकच वाक्य फिरतं, "गावाकडं फटका बसला, म्हणजे शेतकरी चिडलेला". बैलजोडीचा फोटो लावायचा, 'बळीराजाचा कौल' असं हेडिंग द्यायचं, झालं विश्लेषण. मला याचा खरंच त्रास होतो, कारण त्या हेडिंगमधून गावातली निम्मी माणसं गायब होतात.

ग्रामीण मतदार कोण हे तुम्हाला माहितीच आहे. गावात राहतो, गावातल्या यादीत नाव आहे, तो ग्रामीण. २०११ च्या जनगणनेत देशातले जवळपास ६९ टक्के लोक ग्रामीण होते, महाराष्ट्रात साधारण ५५ टक्के. पत्त्यावरून ठरतं, विषय संपला.

शेतकरी मात्र धंद्यावरून ठरतो आणि घोळ इथंच होतो, कारण गावात राहतो म्हणजे शेती असणारच असं आपण शहरात बसून धरून चालतो. २०१८-१९ सालच्या सरकारी पाहणीत ज्या घरात कुणीतरी स्वतः शेती करतं आणि शेतीमालातून वर्षाला ४००० रुपयांपेक्षा जास्त मिळतात अशी घरं मोजली होती. वर्षाला ४००० म्हणजे किती सैल चाळणी ती, तरी ग्रामीण घरांपैकी ५४ टक्केच त्यात बसली. उरलेल्यांमध्ये मजूर आहेत, गवंडी आहेत, टेम्पोवाले, दुकानदार, एमआयडीसीत बारा तास उभं राहणारी पोरं आहेत. आणि शेतात राबतो तो शेतकरी असंही नाही, २०११ लाच देशात शेतकरी होते ११.९ कोटी आणि शेतमजूर १४.४ कोटी. मजूर जास्त!

हे मला पटलं ते आकड्यांनी नाही, शिरूर तालुक्यात मावसभावाच्या रानात. २०२४ चा एप्रिल, उन्हाळी कांद्याची काढणी चालू, सात-आठ बायका डोक्याला पदर गुंडाळून विळ्यानं पात कापत बसलेल्या. दादा बांधावर उभा राहून निर्यातबंदीवर बोलतोय, डिसेंबरपासून बंदी आहे, चाळीत भरू का आत्ताच मार्केटला नेऊ, झोप लागत नाही म्हणाला. तेवढ्यात मी एका मावशींना विचारलं की यंदा मतदानाला काय बघणार, तर त्या हात न थांबवता म्हणाल्या, "दादाच्या कांद्याला भाव येऊ द्या की, भाव असला की आमचा रोज लवकर हातात पडतो. पण आमचं घरकुल यादीत अडकलंय दोन वर्सं, त्याचं कोन इचारतंय?" वावर एक, कांदा तोच, पण मत द्यायची कारणं दोन. दादाच्या खात्यात पीएम किसानचे वर्षाला ६००० येतात कारण सातबाऱ्यावर नाव आहे, मावशींच्या नावावर गुंठाभरही नाही म्हणून त्यांना ते नाहीत. त्यांचं गणित रेशन, घरकुल आणि रोज यावर चालतं.

२००९ ची लोकसभा निवडणूकच घ्या. तो निकाल अजून 'कर्जमाफीचा निकाल' म्हणून सांगितला जातो. २००८ च्या बजेटमध्ये ६०,००० कोटींची कर्जमाफी जाहीर झाली हे खरंच, पण ज्याला जमीनच नाही त्याला पीककर्ज कुठलं आणि माफी कुठली? त्याच एप्रिलपासून रोजगार हमी देशातल्या सगळ्या ग्रामीण जिल्ह्यांत लागू झाली होती, ती या दुसऱ्या माणसासाठी. दोन्ही एकाच गावात पोचलं, म्हणून नुसत्या कर्जमाफीला श्रेय देणं मला चुकीचं वाटतं.

मग शेतकरी म्हणून मत पडतच नाही का? पडतं की, आणि जोरात पडतं, पण माझ्या मते त्याला एक अट असते: एका पट्ट्यात एकच पीक आणि त्यावर दिल्लीतून एकच घाव. २०२४ ला कांद्याची निर्यातबंदी उठली ४ मे ला, तीही ४० टक्के निर्यात शुल्क ठेवून, आणि नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीत मतदान २० मे ला. तिथं केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भारती पवार पडल्या, शेजारी नाशिकची जागाही महायुतीची गेली. तिथं कांदा बोलला, मान्य. पण सहा महिन्यांनी विधानसभेला त्याच नाशिक जिल्ह्यात १५ पैकी १४ जागा महायुतीला मिळाल्या. मधल्या काळात कांद्याचं शुल्क निम्म्यावर आलं होतं आणि लाडक्या बहिणीचे महिन्याला १५०० सुरू झाले होते, जे मिळायला सातबारा लागत नाही. कशानं किती मतं फिरली ते कुणी छातीठोक सांगू नये, पण १५०० मावशींना मिळतात आणि शुल्क कमी झाल्याचा फायदा आधी दादाला होतो, एवढा फरक तरी बोलताना धरा.

राहिला 'ग्रामीण मतदारसंघ' हा शब्द, त्यावर जास्त लिहीत नाही. शिरूर लोकसभेत जुन्नर-आंबेगावची गावं आहेत तसे हडपसर आणि भोसरी हे शहरी भागही आहेत. बारामतीत पुणे शहराला लागलेलं खडकवासला आहे आणि २०२४ ला सुप्रिया सुळे बारामती दीड लाखांवर मतांनी जिंकल्या तरी खडकवासल्यात मागेच होत्या. त्यामुळे या जागांचा निकाल बघून 'गावानं काय ठरवलं' ते सांगायचं असेल तर आधी विधानसभावार आकडे उघडा.

आणि उलटंही असतंच. २०२१ ला २३ गावं पुणे महापालिकेत आली, त्यात मांजरी पण आली. आदल्या दिवशी ग्रामपंचायतीत असलेला माणूस दुसऱ्या दिवशी शहरी झाला, विहीर तीच, मोटर तीच, ऊस तोच. आज तो आकडेवारीत शहरी मतदार म्हणून मोजला जातो आणि सकाळी उठून उसाला पाणी सोडतो.