एका मतदारसंघाचे दोन आमदार : १९६२ पूर्वीची द्विसदस्यीय पद्धत

एक मतदारसंघ म्हणजे एक आमदार, हे आता इतके अंगवळणी पडले आहे की जुन्या निवडणुकांचे आकडे चाळताना माणूस हमखास अडखळतो. १९५७ च्या मुंबई राज्य विधानसभेत ३९६ जागा होत्या आणि मतदारसंघ मात्र ३३९. बेरीज चुकलेली नाही. त्यातले ५७ मतदारसंघ प्रत्येकी दोन आमदार निवडून देत होते. १९५२ मध्ये मराठवाडा ज्या हैदराबाद राज्यात होता, तिथे १७५ जागा १४२ मतदारसंघांत बसवल्या होत्या. ३३ दोन सदस्यांचे, बाकीचे एका सदस्याचे. लोकसभेतही तोच प्रकार होता. पहिल्या लोकसभेच्या ४८९ जागांसाठी ४०१ मतदारसंघ होते, त्यांपैकी ८६ द्विसदस्यीय आणि उत्तर बंगाल हा एकटा त्रिसदस्यीय.

दुहेरी मतदारसंघाची मांडणी बहुतेक ठिकाणी अशी असे : एक जागा अनुसूचित जातीसाठी किंवा जमातीसाठी राखीव, दुसरी सर्वसाधारण. मतदार तेच, हद्द तीच, निवडणूक एकच. प्रत्येक मतदाराला दोन मते. या दुसऱ्या मताचे काय करायचे, या एका प्रश्नावर या पद्धतीचा सगळा इतिहास फिरतो.

तिचे मूळ स्वातंत्र्याच्या बरेच आधीचे आहे. १९१९ च्या सुधारणांनंतर मुंबई कायदेमंडळात मराठा आणि तत्सम जातींसाठी ७ जागा राखून ठेवल्या गेल्या, त्या अनेक सदस्यांच्या मतदारसंघांतच. राखीव जागेचा विषय निघाला की मुंबई प्रांतातला हा भाग बहुतेकांच्या ध्यानात नसतो. पुढे १९३२ च्या पुणे कराराने दलितांचे स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि त्या बदल्यात प्रांतिक कायदेमंडळांत १४८ जागा राखीव मिळाल्या. सिंधसह मुंबईच्या वाट्याला १५ आल्या. करारात आणखी एक टप्पा होता : आधी फक्त दलित मतदारांनी प्राथमिक निवडणुकीत चार उमेदवार निवडायचे आणि मग त्या चौघांतून एकाला सगळ्या मतदारांनी मिळून निवडायचे. १९३५ च्या कायद्याने मुंबई विधानसभेला १७५ जागा दिल्या. दलितांच्या १५ आणि मराठ्यांच्या ७ राखीव जागा सर्वसाधारण जागांच्या पोटातच ठेवल्या होत्या. राखीव जागा असलेला मतदारसंघ एकापेक्षा जास्त सदस्यांचा, हे त्यामुळे ओघानेच आले.

१९३७ च्या निवडणुकीत मुंबई प्रांतात एक मोलाची सवलत होती. मतदाराला जितकी मते असतील, ती सगळी तो एकाच उमेदवाराच्या पदरात टाकू शकत असे. तिचे वजन आकड्यांत पाहावे. समजा, दोन जागांच्या मतदारसंघात ८०,००० मतदार मतदान करतात, त्यांपैकी २०,००० एका पक्षामागे घट्ट उभे आहेत. मते एकवटता आली तर त्यांच्या उमेदवाराला ४०,००० मते पडतात आणि तो शर्यतीत येतो. एका उमेदवाराला एकच मत, असे बंधन घातले की तोच गट २०,००० वर अडतो. त्याची उरलेली २०,००० मते दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येतात, नाहीतर वाया जातात. डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने १९३७ मध्ये १७ उमेदवार उभे केले आणि त्यांतले बहुतेक निवडून आणले. त्या यशात या सवलतीचा वाटा मोठा होता. आंबेडकरांनी ही मागणी कधी सोडली नाही. १९५५ मध्ये भाषावार राज्यांवर लिहितानाही अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी दोन-तीन सदस्यांचे मतदारसंघ आणि मते एकवटण्याची मुभा, हाच उपाय त्यांनी पुढे ठेवला.

स्वतंत्र भारताच्या कायद्याने दोन सदस्यांचे मतदारसंघ ठेवले आणि मते एकवटण्याची मुभा काढून घेतली. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम ६३ त्याबाबत स्पष्ट होते : जितके सदस्य तितकी मते, पण एका उमेदवाराला एकाहून जास्त मत देता येणार नाही. कुणी दिलेच, तर मोजणीत एक मत धरायचे आणि उरलेले बाद करायचे. प्राथमिक निवडणूकही गेली. सांगाडा जुनाच राहिला, पण छोट्या गटाला त्यातून जे बळ मिळत होते ते उरले नाही. या पद्धतीवर पुढे झालेली बहुतेक भांडणे इथून सुरू होतात, असे माझे मत आहे.

मग ही पद्धत ठेवलीच का? कारण व्यवहारी होते. अनुसूचित जातींची वस्ती गावोगाव विखुरलेली. त्यांचे बहुमत असलेला सलग प्रदेश जवळपास कुठेच नाही. एकच जागा असलेला मतदारसंघ राखीव केला, तर तिथल्या बाकीच्यांना उमेदवारीची दारे बंद होतात. दोन जागा ठेवल्या की कुणाचीच वाट अडत नाही. शिवाय घटनेने राखीव जागांना सुरुवातीला दहाच वर्षांची मुदत दिली होती. तेवढ्यापुरती तडजोड म्हणून ती चालून गेली.

मतदान केंद्रावर मात्र तिची कसोटी लागे. १९५२ आणि १९५७ मध्ये मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नव्हता. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचे चिन्ह. मतपत्रिका नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेली, आकाराने रुपयाच्या नोटेएवढी. ती घडी करून हव्या त्या पेटीत टाकायची, झाले मतदान. दुहेरी मतदारसंघात मतदाराच्या हाती दोन पत्रिका येत आणि त्या दोन वेगवेगळ्या पेट्यांत टाकायच्या असत. त्यातच विधानसभा आणि लोकसभा या दोन्ही निवडणुका एकत्र. दोन्हीकडे मतदारसंघ दुहेरी असेल, तर आयुष्यात पहिल्यांदा मत देणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या माणसाला चार पत्रिका सांभाळायच्या होत्या. चुका ठरलेल्या होत्या. आपल्या माणसाच्या पेटीत दोन्ही पत्रिका टाकल्या की एक बाद. एक पत्रिका टाकून दुसरी तशीच खिशातून घरी नेली, तर दुसरे मत पडलेच नाही. आणि काही जण हे मुद्दाम करत. दुसऱ्या मताचा फायदा आपल्या उमेदवाराच्या प्रतिस्पर्ध्याला होईल, ही धास्ती असली की कार्यकर्ते ते मत ‘कुजवायला’ सांगत.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण लोकसभेचे आहे, पण कायदा विधानसभेलाही तोच लागू होता. १९५२ मध्ये उत्तर मुंबई शहर हा दोन सदस्यांचा मतदारसंघ होता. काँग्रेसची जोडी विठ्ठल बाळकृष्ण गांधी (सर्वसाधारण) आणि नारायण सदोबा काजरोळकर (राखीव) यांची. समोर समाजवादी पक्षाचे अशोक मेहता आणि शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचे डॉ. आंबेडकर. शिवाय कम्युनिस्ट पक्षाचे श्रीपाद अमृत डांगे. गांधींना सुमारे १ लाख ४९ हजार मते पडली, मेहतांना १ लाख ३९ हजारांच्या वर, काजरोळकरांना १ लाख ३८ हजारांच्या आसपास, आंबेडकरांना सुमारे १ लाख २३ हजार. काजरोळकरांपेक्षा जास्त मते मिळूनही मेहता पडले आणि काजरोळकर खासदार झाले, कारण राखीव जागेसाठी स्पर्धा राखीव उमेदवारांतच मोजली जाते. बाद मतांचा आकडा ७४ हजारांच्या घरात गेला, आंबेडकरांच्या पराभवातील फरकाच्या कितीतरी पट. मते कुजवण्याचा पद्धतशीर प्रचार झाला, असा आरोप डांगे आणि त्यांच्या पक्षावर झाला. आंबेडकर आणि मेहता यांनी मिळून निवडणूक याचिका केली, तीही फेटाळली गेली.

दोन वर्षांनी, १९५४ मध्ये, भंडाऱ्यात पोटनिवडणूक लागली. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि हाही मतदारसंघ दुहेरीच. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले, राखीव जागेवर आंबेडकर सुमारे आठ हजार मतांनी हरले. उलट १९५७ मध्ये, संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत, मध्य मुंबई शहर या दुहेरी मतदारसंघातून डांगे आणि फेडरेशनचे गोपाळ काळुजी माने हे दोघे एकदम लोकसभेवर गेले. पाच वर्षांपूर्वी ज्या दोन पक्षांत दुसऱ्या मतावरून वाद पेटला होता, त्यांनी आता एकमेकांना दुसरे मत दिले. पद्धत तीच, जोडी जमली की नाही, एवढ्यावर निकाल फिरला. राखीव जागेवरचा उमेदवार स्वतःच्या समाजाच्या बळावर क्वचितच निवडून येई. त्याला बाकीच्या मतदारांचे दुसरे मत लागे आणि ते जोडीदार पक्षाकडून येत असे.

मोजणीचा क्रम १९५१ च्या त्याच कायद्याच्या कलम ५४ मध्ये होता. आधी राखीव उमेदवारांतला सर्वाधिक मतांचा धनी राखीव जागेवर निवडून आल्याचे जाहीर करायचे. मग उरलेल्या सगळ्यांतून, म्हणजे राखीव प्रवर्गातले उरलेले उमेदवारही धरून, सर्वाधिक मतांचा उमेदवार सर्वसाधारण जागेवर. राखीव जागेसाठी पात्र उमेदवार एकच असला तर तो मतदानाआधीच बिनविरोध, आणि मतदान फक्त उरलेल्या जागेसाठी. अनामत रकमेतही फरक होता. विधानसभेला २५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला निम्मी, १२५.

या क्रमातल्या ‘सगळ्यांतून’ या शब्दावरच पुढे मोठा खटला उभा राहिला. १९५७ मध्ये आंध्रातल्या पार्वतीपुरम या द्विसदस्यीय लोकसभा मतदारसंघात अनुसूचित जमातीच्या दोन उमेदवारांना सर्वाधिक मते पडली. एकाला राखीव जागा मिळाली, दुसऱ्याला सर्वसाधारण. मागे पडलेले उमेदवार होते व्ही. व्ही. गिरी, पुढे १९६९ मध्ये राष्ट्रपती झाले ते. राखीव म्हणून अर्ज भरलेल्या माणसाला सर्वसाधारण जागा घेता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये बहुमताने ते अमान्य केले : राखीव जागेवर दावा केल्याने सर्वसाधारण जागेचा हक्क जात नाही. निकाल कायद्याला धरूनच होता. पण मोठ्या पक्षांतल्या पुढाऱ्यांना त्यातला धोका दिसला. दुहेरी मतदारसंघात दोन्ही जागा राखीव प्रवर्गाकडे जाऊ शकतात, हे आता न्यायालयाचीच मोहोर लागून सिद्ध झाले होते.

त्याच सुमारास आठव्या घटनादुरुस्तीने राखीव जागांची मुदत आणखी दहा वर्षे वाढली, म्हणजे ‘तेवढ्यापुरती’ तडजोड संपायची चिन्हे नव्हती. अडचणी तर होत्याच : दुप्पट क्षेत्र, दुप्पट खर्च, आणि एक आमदार वारला तरी पोटनिवडणूक सगळ्या दुहेरी क्षेत्रात. मतदारालाही आपला आमदार नेमका कोणता, हे कळत नसे. व्यवहारात राखीव जागेवरचा आमदार दुय्यम समजला जाई. १९६१ च्या पहिल्याच कायद्याने द्विसदस्यीय मतदारसंघ रद्द झाले. मतदारसंघांच्या हद्दी आखण्यासाठी नवा परिसीमन आयोग नेमला नाही. निवडणूक आयोगानेच प्रत्येक दुहेरी मतदारसंघ मधोमध कापून दोन केले. ज्या अर्ध्यात अनुसूचित जातीची किंवा जमातीची वस्ती तुलनेने दाट, ते अर्धे राखीव. १९६२ ची निवडणूक या नव्या नकाशावर झाली. महाराष्ट्राच्या २६४ जागा, मतदारसंघही २६४. मतदानही पेट्यांऐवजी एकाच पत्रिकेवर खूण करून.

कापल्यावर दोन्ही बाजूंचे नुकसान झाले आणि ते वेगवेगळे होते. राखीव अर्ध्यातल्या इतर पुढाऱ्यांचा घरचा मतदारसंघ गेला, त्यांना शेजारी जागा शोधावी लागली. दुसऱ्या अर्ध्यात दलित उमेदवाराला कायद्याने मज्जाव नव्हता, पण पक्षांची तिकिटे त्याच्याकडे वळली नाहीत. ‘तुमची राखीव जागा आहे ना’ हे उत्तर तयार असे. आजचा नियम याच १९६१ च्या वाटेने आला आहे. २००२ च्या परिसीमन कायद्यानुसार जमातींसाठी त्यांचे प्रमाण सर्वाधिक असलेले मतदारसंघ राखले जातात, तर जातींसाठीचे राज्यभर विखरून, त्यांचे प्रमाण तुलनेने जास्त असलेल्या भागांत. २००८ च्या फेररचनेनंतर महाराष्ट्राच्या २८८ पैकी २९ जागा अनुसूचित जातींच्या आणि २५ जमातींच्या आहेत. महिला आरक्षणाच्या चर्चेत दोन सदस्यांच्या मतदारसंघाची सूचना मधूनमधून डोके वर काढत राहिली, पण कुणी ती पुढे रेटली नाही.

महापालिकांच्या प्रभाग पद्धतीशी या जुन्या पद्धतीची गल्लत करू नये. प्रभागात अ, ब, क, ड अशा जागा वेगळ्या असतात, प्रत्येक जागेचे उमेदवार वेगळे, प्रत्येक जागेसाठी एक मत. दुहेरी मतदारसंघात सगळे उमेदवार एकाच रांगेत होते. अमेरिकेत हे दोन्ही प्रकार आजही शेजारी-शेजारी दिसतात. वॉशिंग्टन राज्याच्या ४९ जिल्ह्यांतून प्रत्येकी दोन प्रतिनिधी निवडले जातात, पण ‘जागा १’ आणि ‘जागा २’ अशा दोन वेगळ्या लढती लावून. म्हणजे आपल्या प्रभागासारखे. ॲरिझोनाच्या ३० जिल्ह्यांत मात्र सगळे उमेदवार एका यादीत, मतदाराला दोन मते आणि पहिले दोघे विजयी. तिथेही दुबळा पक्ष एकच उमेदवार उभा करून समर्थकांना दुसरे मत कोरे ठेवायला सांगतो.

जुने निकाल वाचणाऱ्याने दोन गोष्टी सांभाळाव्यात. एक, आजच्या महाराष्ट्राचे १९५२ चे निकाल एका जागी मिळत नाहीत. ते मुंबई, मध्य प्रदेश आणि हैदराबाद अशा तीन राज्यांच्या अहवालांत विभागलेले आहेत. दुसरी, दुहेरी मतदारसंघातली एकूण मते म्हणजे मतदान केलेली माणसे नव्हेत. मतांना मतदारसंख्येने भागले तर टक्केवारी शंभराच्या पुढेही जाऊ शकते. दोनाने भागले तरी आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो, कारण एकच मत देऊन परतलेले त्यात अर्धेच मोजले जातात. मताधिक्यही यादीतल्या पुढच्या नावाशी ताडू नये : राखीव जागेचे मताधिक्य राखीव उमेदवारांतच काढायचे आणि सर्वसाधारण जागेचे, राखीव विजेता वगळून उरलेल्या यादीत.