दीक्षाभूमीचे सचिव : एका पदाची पार्श्वभूमी

१ जुलै २०२४ रोजी दीक्षाभूमीवर भूमिगत पार्किंगच्या खोदकामाभोवती लोक जमले, बांधकामाचं साहित्य पेटवलं गेलं आणि त्याच दिवशी उपमुख्यमंत्र्यांनी विधिमंडळात कामाला स्थगिती जाहीर केली. पुढचे काही दिवस नागपुरात, इंदोऱ्यापासून रामबागेपर्यंत, एकच विचारणा होती : याला हो म्हटलं कोणी? बोट दीक्षाभूमीचा कारभार पाहणाऱ्या स्मारक समितीकडे होतं, आणि समिती म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढे अध्यक्ष येत नाहीत, सचिव येतात. असं का, ते समजायला थोडं मागं जावं लागतं.

आधी एक गल्लत दूर केलेली बरी. बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेचा १९५६ चा सोहळा ज्यांनी उभा केला ते सचिव वेगळे आणि स्मारकाचा कारभार ज्यांनी पुढे अनेक दशकं पाहिला ते सचिव वेगळे. संस्थाही दोन. बाबासाहेबांनी २३ सप्टेंबर १९५६ च्या पत्रकात तारीख आणि शहर जाहीर केलं. म्हणजे तयारीला उरले जेमतेम तीन आठवडे. मैदान शोधणं, परवानग्या, मंडप, पाणी, गावोगावहून पायी आणि रेल्वेनं येणाऱ्यांची सोय, हे सगळं त्या पहिल्या सचिवांनी, वामनराव गोडबोले यांनी, आणि त्यांच्या मोजक्या सहकाऱ्यांनी निभावलं. लस संस्थेची मोकळी जागा मिळाली, तीच आजची दीक्षाभूमी. शेजारच्या आरोग्य खात्याच्या आवाराला जुने लोक अजून माता कचेरीच म्हणतात. भाषणांच्या पुस्तिकांत गोडबोले या माणसाचं नाव एखाद्या ओळीत येतं. त्याला जास्त जागा मिळायला हवी होती.

दुसरे सचिव, सदानंद फुलझेले, त्या वेळी शहराचे तरुण उपमहापौर होते. १५ ऑक्टोबरला महापालिकेतर्फे बाबासाहेबांचा सत्कार झाला, त्यामागे त्यांची खटपट होती. दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. मग जागा कायमची मिळावी आणि तिथं स्मारक व्हावं यासाठी जी धडपड सुरू झाली त्यात हे गृहस्थ शिरले आणि मार्च २०२० मध्ये मृत्यू येईपर्यंत बाहेर पडले नाहीत.

पदाला वजन आलं ते या मुक्कामामुळे. समितीचे अध्यक्ष राजकारणातले मोठे लोक असायचे. एक संसदेत होते. त्यांच्यानंतरचे एक, रा. सू. गवई, विधान परिषद, संसद करत २००६ नंतर दोन राज्यांचे राज्यपाल झाले. अध्यक्ष पाटण्याला किंवा तिरुवनंतपुरमला असताना दीक्षाभूमीच्या किल्ल्या, शिक्के आणि हिशेबाच्या वह्या नागपुरात सचिवांकडेच असणार. १९६४ मध्ये त्याच आवारात महाविद्यालय सुरू झालं, त्याचा कारभारही पदरात पडला. दसऱ्याआधी पुस्तकांचे स्टॉल, भोजनदानाच्या जागा, टँकर, भिक्खूंची निवासव्यवस्था, पोलिसांबरोबरच्या बैठका : कुठलीही तक्रार असो, ‘सचिवांना भेटा’ हे उत्तर ठरलेलं.

स्तूपाचा काळ हा या कारकिर्दीचा मधला आणि, माझ्या मते, सगळ्यात कसोटीचा भाग. काम १९७८ मध्ये सुरू झालं आणि लोकार्पण झालं १८ डिसेंबर २००१ ला, राष्ट्रपतींच्या हस्ते. तेवीस वर्षं. धोलपूरचा दगड, १२० फूट व्यासाचा आतून पोकळ घुमट, खाली सभागृह आणि मधोमध बाबासाहेबांच्या अस्थी. आज फोटो काढणाऱ्याला हे एका दमात झाल्यासारखं वाटतं. तेवीस वर्षांत राज्यात किती मुख्यमंत्री बदलले ते आठवून बघा. दर बदलाला फाइल नव्यानं समजावून सांगावी लागते. दरम्यान ‘अजून किती वर्षं?’ म्हणून समितीवर टीकाही चालू होती, आणि ती सगळीच अन्यायाची नव्हती. एवढा लांबलेला हिशेब लोकांपुढे आणखी उघडपणे मांडता आला असता.

१९५६ मध्ये धम्मदीक्षा झाली तो १४ ऑक्टोबर दसऱ्याचाच दिवस होता. पुढे वर्धापनदिन कोणता धरायचा, १४ ऑक्टोबर की दसरा, हा वाद समितीला सोडवावा लागला नाही. लोक दोन्ही दिवशी येतात. मुख्य सोहळा दसऱ्याचा, आणि बंदोबस्त दोन्हींचा.

आता पार्किंग. २०१६ मध्ये दीक्षाभूमीला अ वर्ग पर्यटनस्थळाचा दर्जा मिळाला तेव्हा बहुतेकांना बरंच वाटलं. त्यातूनच विकास आराखडा, सरकारी निधी आणि शासकीय यंत्रणेमार्फत काम असा रस्ता आला. ‘पर्यटनस्थळ’ म्हटलं की वाहनतळ ओघानं येतो. पण दसऱ्याला येणारा माणूस पर्यटक नसतो. यवतमाळ, नांदेड, तेलंगणातून आलेली बाई त्या मातीवर चादर अंथरून रात्र काढते. तिला मोकळी जमीन लागते. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं दोन गोष्टींवर उभं होतं : इतक्या खोल खोदकामानं स्तूपाला धोका पोहोचेल, आणि लोकांना बसायला जागा उरणार नाही. पहिल्याचं उत्तर अभियंत्यांनी द्यायचं होतं. दुसऱ्याला अभियंता लागत नाही, दसऱ्याच्या रात्री एक फेरी मारली तरी पुरे.

कायद्यानं पाहिलं तर सार्वजनिक न्यासाला मालमत्ता विकायची किंवा लांब मुदतीनं भाड्यानं द्यायची असेल तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. खोदकाम त्या कलमात बसत नाही. त्यामुळे कागद बरोबर होते की चूक, यावर वाद घालणारे मूळ मुद्दा चुकवतात. लोकांचा राग होता तो विचारलं नाही म्हणून. इथं मात्र जुन्या पद्धतीचा दोष दिसतो. जिथं वर्षानुवर्षं एका माणसाच्या शब्दावर कारभार चालला, तिथं विचारण्याची सवय संस्थेला लागलीच नाही. लोक सचिवांवर विश्वास टाकत आणि निभावून जाई. २०१५ मध्ये अध्यक्ष गवई गेले, अध्यक्षपदावर एक ज्येष्ठ भदंत आले. २०२० मध्ये सचिवही गेले. पद भरता येतं. न्यासात पदाधिकारी बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज दाखल करायचा असतो, तो मंजूर झाला की नाव नोंदवहीत चढतं. तो विश्वास मात्र बदल अर्जानं चढत नाही. सगळं खापर नव्या लोकांवर फोडणंही सोपंच आहे. आराखडा मंजूर करताना सरकारनं तरी कुठं मैदानात येऊन विचारलं होतं?

स्थगितीनंतर खड्डा बुजवण्याचं काम हाती घेतलं गेलं. त्या वर्षीचा दसरा १२ ऑक्टोबरला होता. शेजारची आरोग्य खात्याची आणि कापूस संशोधनाची जमीन दीक्षाभूमीला जोडून द्यावी ही मागणी त्याच्या कितीतरी आधीपासूनची आहे. ती मान्य झाली तर वाहनं कुठं लावायची हा प्रश्न जमिनीवरच सुटू शकतो, आणि त्यासाठी सरकारदरबारी खेटे घालायचे कोणी, तर पुन्हा सचिवांनीच.