‘ग्रेव्ही’च्या सुरामागचं कुपवाड

इंग्रजी कोण कसं बोलतं यावरचं संशोधन अधूनमधून बातम्यांत येतं. 1979 साली ते ब्रिटनमध्ये थेट घरोघरी पोचलं. बीबीसीनं ‘क्रॉसटॉक’ हा कार्यक्रम दाखवला. इंग्रजी येत असूनही दक्षिण आशियाई आणि ब्रिटिश माणसांत गैरसमज का होतात, हा त्याचा विषय. त्यामागचे मुख्य अभ्यासक होते जॉन गम्पर्झ, आणि सांगलीकरांनी हे नाव लक्षात ठेवायला हवं.

त्यांचं सर्वांत गाजलेलं उदाहरण एका मोठ्या ब्रिटिश विमानतळाच्या कँटीनमधलं. तिथं नव्यानं लागलेल्या भारतीय-पाकिस्तानी बायका उर्मट आहेत, अशी तक्रार होती. जेवण वाढताना ब्रिटिश बाई ‘ग्रेव्ही?’ म्हणायची, शेवटी सूर चढवून. या बायका तोच शब्द सूर खाली उतरवून म्हणायच्या. त्यांच्या मनात विचारणाच असायची, पण समोरच्याला ऐकू यायचं, ‘ही ग्रेव्ही, घ्यायची तर घ्या.’ दोन्ही बाजूंना एकत्र बसवून हे ऐकवल्यावर आपल्याशी लोक असे का वागतात, याचा त्या बायकांना उलगडा झाला.

गम्पर्झ मूळचे जर्मनीतले ज्यू, जन्म 1922चा. नाझी राजवटीमुळे देश सुटला, अमेरिकेत आले, रसायनशास्त्र शिकून भाषाशास्त्राकडे वळले. 1950च्या दशकात उत्तर प्रदेशातल्या खलापूरला राहून तिथल्या बोलीचा अभ्यास केला. नंतर आले सांगली जिल्ह्यात.

रॉबर्ट विल्सन यांच्यासोबत त्यांनी सांगलीजवळच्या कुपवाड गावातल्या भाषांवर लिहिलेला निबंध 1968 साली जमैकातल्या परिषदेत मांडला गेला आणि 1971मध्ये छापून आला. इंग्रजी स्पेलिंगमुळे जगभरचे विद्यार्थी हे गाव ‘कुपवार’ म्हणून ओळखतात. तेव्हा वस्ती साधारण 3,000. जैन आणि लिंगायतांच्या घरी कन्नड, मुसलमानांच्या घरी उर्दू, दलित वस्तीत मराठी, दोरखंड वळणाऱ्यांची तेलुगू. एकमेकांशी व्यवहार बहुतेक मराठीत, कारण गावातल्या वजनदार मंडळींपैकी कुणाच्याच घरची ती भाषा नव्हती. या कारणाकडे मला फार महत्त्वाचं म्हणून पाहावंसं वाटतं.

निबंधातलं एक वाक्य बघा. मराठीत ‘पाला जरा कापून घेऊन आलो’, तिथल्या उर्दूत ‘पाला जरा काट के ले के आया’. कन्नड वाक्यही याच क्रमानं जातं, शब्दाखाली शब्द. ‘जरा’ तर तिन्हींत तोच. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहून व्याकरणाचा साचा जवळजवळ एक झाला, पण शब्द निराळे राहिले, कारण आपण कुणाच्या घरचे हे त्यांवरून कळत होतं.

कुपवाडात शब्द वेगळे आणि साचा एक. विमानतळावर शब्द एक, पण सुराचे संकेत वेगळे. माझ्या मते हा एकाच प्रश्नाचा दोन टोकांकडून घेतलेला शोध आहे.

पुढं इथं एमआयडीसी वाढली. 1998 साली सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महापालिका झाली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी चाळीसेक वर्षांनंतरच्या कुपवाडचा अभ्यास करून, तिथल्या भाषा शब्दाला शब्द ठेवून खरंच एकमेकींत उतरतात का, हा जुना दावा पुन्हा तपासला. त्यांचा निबंध 2016 साली प्रसिद्ध झाला.