दुकानातला हिरवा, घरातला हिरवा

लहानपणी आईबरोबर मेन रोडवर दोरे घ्यायला गेलं की ती लडी हातात घेऊन आधी दुकानाच्या पायरीवर यायची. आत ट्यूबलाइट लखलखत असायची, तरी दुकानदारच म्हणायचा, "ताई, उजेडात बघून घ्या." साडी असो, ब्लाउजपीस असो, रंग उन्हात धरून बघायचा हा रिवाज काही एकट्या नाशिकचा नाही. मी मात्र गेल्या महिन्यात तो विसरले.

दिवाळीला दारावर टांगायला कॅनव्हासचं लटकन करायला घेतलं होतं. कॅनव्हासचं भरतकाम म्हणजे जाळीचे उभे-आडवे धागे जिथे छेदतात तिथे प्रत्येक ठिकाणी एक तिरका टाका, आणि जाळी पूर्ण झाकायची. मधोमध येवल्याच्या पैठणीवर असतो तसा पोपट, भोवती निळी चौकट. पोपटाला घरातला जुना हिरवा पुरेना, म्हणून दुकानातून तसाच दुसरा जुळवून आणला आणि रात्री बसून पोपटाचं पोट भरून टाकलं. सकाळी गॅलरीत बघते तर पंख हिरवे आणि पोट पिवळसर!

दोष दुकानाचा नव्हता, माझ्या डोळ्यांच्या रचनेचा होता. डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीनच प्रकारच्या. दोऱ्यावरून येणाऱ्या प्रकाशात शेकडो तरंगलांबींचा मेळ असतो, पण मेंदूला निरोप मिळतो तो फक्त तीन आकड्यांचा. दोन वेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेले दोरे एखाद्या दिव्याखाली हेच तीन आकडे देऊ शकतात, आणि मग आपण म्हणतो, जुळले. ट्यूबलाइटच्या प्रकाशात काही तरंगलांबी खूप जोरात असतात, काही जवळजवळ नसतातच. सूर्यप्रकाशात सगळ्या सलग असतात. दिवा बदलला की आकडे बदलतात आणि सोंग उघडं पडतं. याला मेटामेरिझम म्हणतात. एकाच घाण्यातून, म्हणजे रंगाच्या एकाच खेपेत, रंगवून निघालेल्या लडींना हा धोका नसतो, म्हणून लागतील तेवढ्या लडी एकदमच घ्याव्यात.

पण माझा पोपट जरा जास्तच पिवळा दिसत होता, आणि त्याचं उत्तर पॅरिसमध्ये सापडतं. तिथल्या गोबलँ या भित्तिपट विणणाऱ्या कारखान्यात 1824 मध्ये मिशेल शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ रंगाईचा प्रमुख म्हणून आला. विणकरांची तक्रार होती की निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्यांसाठी वापरलेला काळा दोरा फिका पडतो. शेव्रलनं दोरा तपासला. काळा चोख होता. गडबड शेजाऱ्याची होती. डोळा निळ्याकडे पाहताना शेजारच्या रंगात निळ्याच्या विरुद्ध टोकाची, म्हणजे नारिंगीची, छटा मिसळतो. त्यामुळे काळा विटका दिसायचा. 1839 मध्ये त्यानं यावर जाडजूड ग्रंथच लिहिला. (हा गृहस्थ 102 वर्षं जगला, हे जाता जाता.) माझ्या निळ्या चौकटीनं पोपटाला तसंच पिवळ्याकडे ढकललं होतं. चौकट पिवळी असती तर तोच हिरवा निळसर वाटला असता. लाल असती तर दोघंही चढले असते. म्हणून दोरा निवडताना नुसती लडी बघू नये. कॅनव्हासच्या कोपऱ्यात शेजारच्या रंगाला लागून चार टाके घालून बघावेत.

दोऱ्याची जातही रंग बदलते. लोकरीच्या तंतूवर खवले असतात, प्रकाश चहूकडे विखुरतो, म्हणून रंग मऊ आणि खोल वाटतो. रेशमाच्या तंतूचा छेद साधारण त्रिकोणी असतो आणि त्याच्या गुळगुळीत बाजू प्रकाश थेट परतवतात. पैठणीची झळाळी त्यातूनच येते. साधं सूत म्हणजे पीळ पडलेली चपटी पट्टी, निस्तेज. कॉस्टिक सोड्यात ते फुगून गोल होतं, हे इंग्लंडच्या जॉन मर्सरनं शोधलं आणि 1850 मध्ये पेटंट घेतलं. त्याच सुताला सोड्यात ताणून धरलं तर चमक येते, हे पुढे होरेस लो यानं 1890 च्या सुमारास दाखवलं. आपल्या नेहमीच्या, अँकर कंपनीच्या सहापदरी लडीची चमक ही अशी आलेली आहे.

चमकणाऱ्या दोऱ्याची एक खोड मात्र आहे. तो प्रकाश सगळ्या दिशांना सारखा परतवत नाही. चार टाके चुकून उलट तिरके पडले तर तोच दोरा वेगळ्या छटेचा वाटतो, आणि आपण उगाच लडीला नावं ठेवतो. पदर कमी घेतले तर पांढरी जाळी मधून डोकावते आणि रंग फिका करते. इंचाला 18 घरांच्या कॅनव्हासवर अँकरचे चार ते सहा पदर लागतात. त्यावरचा एक टाका साधारण 1.4 मिलिमीटरचा. डोळ्याची ताकद बघता पाचेक मीटरवरून सुटे टाके दिसेनासे होतात, शेजारचे रंग एकमेकांत मिसळतात. फाटकातून येणाऱ्या पाहुण्याला माझी बारीक छटांची कारागिरी दिसणारच नव्हती. त्याला दिसणार गडद आणि फिकट, एवढंच. मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढला की ते लगेच कळतं. माझ्या फोटोत पोपट आणि चौकट एकच करडा ठिपका झाले होते.

त्यात लटकन पणत्यांच्या उजेडात बघायचं. पणतीच्या ज्योतीत निळा प्रकाश फारच थोडा. परतवायला निळं काही मिळालंच नाही, तर निळा दोरा काळपटच दिसणार. लाल, केशरी आणि जरीचा दोरा मात्र त्याच उजेडात पेटून उठतात.

सध्या निळी चौकट उसवत बसले आहे. राणी रंगाच्या तीन लडी आणल्यात, एकाच घाण्याच्या, दुपारी बाराच्या उन्हात पायरीवर उभं राहून.