वस्तऱ्याची धार, मिरजेचे शिकलगार आणि दूरदेशीचे दगड

सातारा-सांगलीत दगडाला तोटा नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा पाषाण इथे पायाखालीच आहे. जाती, पाटे-वरवंटे त्याचेच झाले. विळा, कुऱ्हाड, ऊसतोडीचा कोयता त्याच्यावर घासला तरी भागते. वस्तऱ्याचे भागत नाही. या पाषाणाचा दाणा जाड आणि असमान, शिवाय मधूनमधून पोकळ्या. कोयत्याच्या धारेला बारीक दाते राहिले तर ऊस उलट सहज तुटतो. तेच दाते गालावर रक्त काढतात. त्यामुळे वस्तऱ्याच्या धारेची मागची गोष्ट शोधताना आपल्या डोंगरांपेक्षा इथल्या कारागिरांकडे आणि फार दूरच्या खाणींकडे पाहावे लागते.

धारेचे काम पूर्वी दोन हातांत वाटलेले होते. पात्याला मूळ धार काढायची ती शिकलगाराने. कुरुंद या अतिशय कठीण खनिजाची पूड लाखेत घोळवून बनवलेली साण तो फिरवायचा आणि पाते तिला टेकवायचा. ती धार रोज राखायची न्हाव्याने, धोकटीतल्या दगडावर आणि चामड्याच्या पट्ट्यावर.

१८१८ मध्ये पेशवाई संपली, १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा झाले आणि तलवारींबरोबर शिकलगारांचे मोठे काम आटले. मिरजेत याच सुमारास फरीदसाहेबांच्या शिकलगार घराण्याने पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने सतार-तंबोरे बनवायला घेतले. पुढे सतारमेकर हेच आडनाव झाले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याची जवारी काढताना, म्हणजे तारेला गुंजता नाद यावा म्हणून, घोडीचा (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा) माथा केसभर घासायचा, तार छेडून ऐकायचे, पुन्हा घासायचे, हे पाहिले की मला त्यात शिकलगाराचाच हात दिसतो. डोळ्याला न दिसणारा फरक बोटांनी ओळखणे ही त्या घराण्यांची खरी पुंजी होती.

युरोपात तोवर पोलाद बदलले होते. १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समनने इंग्लंडमधल्या शेफिल्डला मुशीत, म्हणजे आगीत टिकणाऱ्या मातीच्या भांड्यात, वितळवलेले कठीण, एकजिनसी पोलाद तयार केले. आपल्या दक्षिणेत मुशीतले पोलाद त्याच्या कितीतरी आधीपासून होत होते, हे इथे सांगितलेच पाहिजे. या पोलादावर अतिशय बारीक धार टिकते, पण ती चढवायला दगडही तितकाच बारीक लागतो. असे दगड जगात मोजक्याच ठिकाणी निघतात: जर्मनीच्या थुरिंगियातला पाटीचा दगड, अमेरिकेतल्या आर्कान्सासचा जवळजवळ निव्वळ सिलिकेचा नोव्हाक्युलाइट, जपानमध्ये क्योटोच्या डोंगरांतले दगड, आणि बेल्जियममध्ये आर्देन भागातल्या व्हिएल्सामजवळचा पिवळट कोटिक्यूल.

यातला कोटिक्यूल मला सर्वांत विलक्षण वाटतो. त्याचा साधारण तिसरा हिस्सा म्हणजे गार्नेट या कठीण खनिजाचे सूक्ष्म खडे. अनेक पैलूंचे, जवळजवळ गोलसर असल्याने ते पोलाद खातात, पण खोल ओरखडा काढत नाहीत. दगडावर पाणी टाकून छोट्या तुकड्याने घासले की दुधासारखा गाळ निघतो. त्या दाट गाळात काम वेगाने होते. मग थेंबथेंब पाणी घालत गाळ पातळ करत जायचे आणि शेवटचे हात निव्वळ पाण्यावर फिरवायचे. खडबडीत कामापासून शेवटच्या झिलईपर्यंत सगळे एकाच दगडावर होते.

कोन धरायची चिंता वस्तऱ्यात नाही. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकली की पात्याची जाडीच सोळा-सतरा अंशांचा कोन ठरवते. दगडावर धार पुढे ठेवून सरकवायचे, पट्ट्यावर पाठ पुढे. उलट केले तर चामडे कापले जाते आणि धारही जाते.

१८९१ मध्ये एडवर्ड अॅचेसनने भट्टीत कार्बोरंडम हा अतिशय कठीण कृत्रिम पदार्थ बनवला आणि खाणीची गरज कमी झाली. १९५४ मध्ये मद्रासला कार्बोरंडम युनिव्हर्सल ही कंपनी स्थापन झाली. कार्बोरंडमचा दगड भरभर काम करतो, पण त्याचे टोकदार कण धारेवर खोल रेघा सोडतात. चांगली दाढी हवी तर त्यानंतर बारीक दगड लागतोच. जिलेटला बदलत्या ब्लेडच्या रेझरचे पेटंट १९०४ मध्ये मिळाले आणि हळूहळू घरच्या दाढीतून वस्तरा गेला.

दुकानातल्या वस्तऱ्याला शेवटचा धक्का बसला तो एचआयव्हीच्या काळात. सांगली जिल्ह्याने त्या साथीची मोठी झळ सोसली. ‘संग्राम’ ही संस्था इथे १९९२ पासून त्यासाठी काम करू लागली. कावीळ ब असो की एचआयव्ही, एकाच पात्याने अनेकांची दाढी करण्यात धोका होताच. प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे अर्धे ब्लेड हा बदल योग्यच होता. पण त्याबरोबर पाजवण्याची गरजच संपली, आणि बापाकडून मुलाकडे जाणारा हात तिथे थांबला.

घरातल्या जुन्या पेटीत असा दगड सापडला तर तो बहुधा मधोमध खोल गेलेला असतो. तशा दगडावर पात्याची टोके टेकतात आणि मधला भाग अधांतरी राहतो, म्हणून आधी तो सपाट करावा लागतो. त्यावर पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा माराव्यात आणि काचेवर पसरलेल्या ओल्या पॉलिश पेपरवर तो घासावा. शेवटची रेघ पुसली गेली की दगड वस्तऱ्यासाठी तयार झाला.