ॲम्पल भाषा : वाक्यरचना व दोषशोधन

ॲम्पल ही इष्टतमीकरणाच्या, म्हणजे ठरावीक अटींत कमाल किंवा किमान मूल्य शोधण्याच्या, गणिती प्रश्नांची मांडणी करण्यापुरतीच घडविलेली संगणकीय भाषा आहे. रॉबर्ट फोरर, डेव्हिड गे व ब्रायन कर्निहॅन यांनी १९८५ मध्ये बेल प्रयोगशाळेत तिची रचना केली. ती प्रश्न स्वतः सोडवीत नाही. ते काम सॉल्व्हर नावाच्या वेगळ्या आज्ञावलीकडे जाते.

रावेर, सावदा व यावल येथून उत्तरेकडील बाजारपेठांना केळी कमीत कमी वाहतूकखर्चात कशी पाठवावी, हा प्रश्न घेतल्यास केंद्रे व बाजारपेठा हे संच, प्रतिक्विंटल दर व मागणी ही प्राचले, म्हणजे आधी ठाऊक असलेले आकडे, आणि कोठून कोठे किती माल जाईल हे चल, म्हणजे शोधावयाची मूल्ये, ठरतात. प्रत्येक विधान अर्धविरामाने संपते, उद्दिष्टाच्या व अटीच्या नावानंतर अपूर्णविराम येतो, आणि लहान व मोठी रोमन अक्षरे भिन्न मानली जातात. प्रतिमान, म्हणजे प्रश्नाची गणिती मांडणी, व माहिती वेगळ्या फाइलींत ठेवता येतात, त्यामुळे हंगाम बदलला तरी केवळ आकडे बदलावे लागतात. भाषेचा हा सर्वांत मोलाचा गुण म्हणावा लागेल.

वाक्यरचनेची चूक झाल्यास संदेशात ओळीचा क्रमांक येतो व अडलेला शब्द बाणांच्या खुणांमध्ये दाखविला जातो. चलाच्या घोषणेनंतरचा अर्धविराम राहिला, तर खूण पुढच्या ओळीतील, उद्दिष्टाच्या विधानाची सुरुवात करणाऱ्या ‘मिनिमाइझ’ या निर्दोष शब्दावर पडते. म्हणून दाखविलेल्या जागेच्या आधीचे विधान प्रथम तपासावे. माहितीतील चुका निराळ्या असतात. संचात ‘सावदा’ आणि दरांच्या तक्त्यात ‘सावदे’ लिहिले असेल, तर भाषा तक्त्यातील नाव अवैध निर्देशांक, म्हणजे संचात नसलेले नाव, म्हणून नाकारते, आणि ‘सावदा’साठी दरच उरत नाही.

खरी कसोटी लागते ती संदेशच न येणाऱ्या चुकांत. चल शून्याहून लहान नसावा, हे स्पष्ट लिहिले नाही तर ॲम्पल त्याला ऋण मूल्य घेऊ देते. मग कागदावर दिल्लीहून रावेरला केळी परत येऊन खर्च घटत राहतो आणि सॉल्व्हर बहुधा प्रश्न अमर्याद असल्याचे कळवितो. मागणीची अट विसरल्यास उत्तर शून्य रुपये येते, कारण माल हलविलाच नाही तर खर्चही होत नाही. हा निकाल व्याकरणदृष्ट्या निर्दोष व व्यवहारात निरुपयोगी असतो. अशा वेळी ‘एक्स्पांड’ आज्ञेने प्रत्येक अट प्रत्यक्ष आकड्यांसह उलगडून वाचणे, हाच सर्वांत भरवशाचा उपाय होय. एकूण मागणी पुरवठ्याहून जास्त असल्यास प्रश्न असाध्य ठरतो, म्हणजे सर्व अटी पाळणारे उत्तरच नसते. तेव्हा प्रत्येक बाजारपेठेसाठी ‘तूट’ हा जास्तीचा चल भारी दंडासह, म्हणजे तुटीच्या प्रत्येक क्विंटलमागे खर्चात मोठी रक्कम धरून, जोडला, म्हणजे नेमका कोठे व किती क्विंटल माल कमी पडतो, ते उत्तरातच दिसते.