शेवटचा रंग लक्षात ठेवणारं बी

'बी रुजायला अंधार लागतो, म्हणून ते मातीत गाडायचं.' शाळेत ओल्या कापसावर घेवड्याचं बी रुजवून पाहिलेली माणसंही हे वाक्य ठासून सांगतात. त्या कापसावर कुठला आलाय अंधार! घेवड्याला पाणी, हवा आणि ऊब मिळाली की उजेड असो वा नसो, त्याचं अडत नाही. लेट्यूसच्या बऱ्याच वाणांचं मात्र उजेडावाचून अडतं. हे मला माहीत नव्हतं तेव्हा मी ते बी बोटभर खोल पेरलं होतं. दोन आठवडे वाफा कोराच राहिला. पाकीट झटकताना वरच सांडलेल्या चार-पाच बिया तेवढ्या हिरव्या झाल्या.

लेट्यूसचं बी म्हणजे जेमतेम एक मिलिग्रॅमचा ऐवज. (काटेकोर बोलायचं तर ते बी नव्हे, फळ आहे, हे सूर्यफुलाचं कुळ.) एवढ्या शिदोरीवर फार खोलातून वर येणं जमत नाही. म्हणून निघण्याआधी ते दोन गोष्टींची खात्री करून घेतं: आपण पृष्ठभागाजवळ आहोत का, आणि डोक्यावर दुसऱ्या कुणाची सावली तर नाही ना? डोळे नसताना सावली कशी ओळखायची? रंगावरून. पानातलं हरितद्रव्य 660 नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश शोषून घेतं, पण 730च्या आसपासचा, आपल्याला जेमतेम दिसणारा फार-रेड प्रकाश बराचसा खाली जाऊ देतं. उघड्यावर लाल भरपूर, झाडोऱ्याखाली फार-रेडचा वरचष्मा. या प्रमाणातच सगळी बातमी आहे.

1952 साली अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल इथल्या प्रयोगशाळेत हॅरी बोर्थविक, स्टर्लिंग हेंड्रिक्स आणि सहकाऱ्यांनी यावर जो प्रयोग केला, त्याच्या मी अजूनही प्रेमात आहे. 'ग्रँड रॅपिड्स' वाणाच्या भिजलेल्या बिया अंधारात ठेवून त्यांना मिनिटभर लाल प्रकाश दिला. सुमारे 70 टक्के रुजल्या. लालनंतर चार मिनिटं फार-रेड दिला. फक्त 6 टक्के. त्यावर पुन्हा लाल दिला; 74 टक्के! लाल, फार-रेड, लाल, फार-रेड असा कितीही खेळ करा, निकाल ठरतो तो शेवटच्या रंगावर. आधीचं सगळं पुसलं जातं.

म्हणजे बीमध्ये मागेपुढे होणारी एक कळ असली पाहिजे. असं एक रंगद्रव्य असणार हा तर्क आधी झाला. 1959 मध्ये ते उपकरणाने प्रत्यक्ष टिपलं गेलं. त्याचं नाव फायटोक्रोम. हे एक प्रथिन असून त्याच्या पोटात चार कड्यांची एक रंगीत साखळी असते, आपल्या पित्तातल्या रंगद्रव्यांची चुलतबहीण. लाल प्रकाशाचा कण शोषला गेला की या साखळीतल्या एका दुहेरी बंधाभोवती शेवटचं कडं फिरतं, आणि त्यासरशी प्रथिनाचा आकार बदलून ते Pr या निष्क्रिय रूपातून Pfr या सक्रिय रूपात जातं. फार-रेडने ते कडं उलट फिरतं. सक्रिय रूप पेशीकेंद्रकात शिरतं आणि रुजणं रोखून धरणारी नियंत्रक प्रथिनं हटवायला लावतं. मग जिब्रेलिन हे संप्रेरक वाढतं, रुजणं दाबून ठेवणाऱ्या ॲबसिसिक आम्ल या संप्रेरकाचा जोर ओसरतो, आणि भ्रूणाला आवळून बसलेलं भ्रूणपोषाचं (भ्रूणाभोवतीच्या अन्नसाठ्याच्या पेशींचं) जेमतेम दोन पेशी जाडीचं कवच विकरांनी सैल पडतं. मूळ बाहेर डोकावतं. तपशील निसटले तरी हरकत नाही. एक कडं फिरलं आणि बी जागं झालं, एवढं पुरे.

आता यात तापमान लुडबुड करतं. गारव्यात अनेक वाणं अंधारातही रुजतात, पण 30 अंशांच्या आसपास भिजलेलं बी उजेड असूनही हटून बसतं, कारण उष्णतेत ॲबसिसिक आम्लाची पातळी घसरत नाही. म्हणून 15 ते 20 अंशांत, ओल्या मातीवर बी नुसतं दाबायचं आणि वर चिमूटभर बारीक माती भुरभुरायची. चंद्राची कोर पाहून पेरण्याचे तक्ते जगभर विकले जातात. बी पाण्याची, तापमानाची आणि रंगाची चौकशी करतं, तिथीची नाही.

रोप उगवलं तरी फायटोक्रोम पाठ सोडत नाही. उजेड अपुरा पडला किंवा शेजाऱ्यांची दाटी झाली, की रोप पानं सोडून देठावरच खर्च करतं, काडीसारखं लांबतं आणि लोळतं. खत घालून हे सुधारत नाही. उजेड द्या, विरळणी करा.

तीन-चार खरी पानं आली की पुनर्लागवड. आत वाढलेल्या रोपाच्या पानांवर मेणाचा थर पातळ असतो. एकदम उन्हा-वाऱ्यात नेलं तर पानांतून पाणी उडतं, दुखावलेल्या मुळांना तेवढं ओढता येत नाही, आणि रोप मान टाकतं. आठवडा-दहा दिवस रोज थोडा जास्त वेळ बाहेर ठेवलं, की मेण जाड होतं आणि देठ कणखर. संध्याकाळी किंवा ढगाळ दिवशी, मुळांभोवतीची माती न सांडता, 20 ते 30 सेंटिमीटर अंतरावर लावायचं. पानांचा गाभा मात्र मातीखाली जाऊ द्यायचा नाही, तो कुजतो.

लागवडीनंतर काही दिवसांनी रोपांच्या भोवती, नेमक्या खुरप्याने उकरलेल्या जागीच, तणाची हिरवी लव दिसते. ते बी वाऱ्याने आलेलंच असेल असं नाही. कित्येक तणांचं बी वर्षानुवर्षं मातीत गाडलेलं, भिजलेलं, वाट पाहत असतं. तुम्ही रोपासाठी खड्डा केला, तेवढ्यात त्यालाही क्षणभर लाल प्रकाश दिसला.